फोटोतला कान

म्हसा गावच्या जत्रेत बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि विकणारा हातात हात देतात, वरून टॉवेल टाकतात आणि टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. भोवती माणसांचं कोंडाळं असतं, पण आकडा कोणाला कळत नाही, कारण वर दोघांचे चेहरे अगदी कोरे. आपल्याकडं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, म्हणून त्याच्याकडं कोणी वळून बघत नाही. हर्षलानं बघितलं. नुसतं बघून थांबली नाही, दोन माणसांना कोपरानं बाजूला सारून पुढं झाली, मोबाइल उचलला आणि त्या टॉवेलाचा फोटो काढला.

टॉवेल निळ्या पट्ट्यांचा होता. त्याखालचा एक हात म्हाताऱ्या व्यापाऱ्याचा आणि दुसरा एका उंच, सावळ्या पोराचा. पोरानं मान वर केली.

"काय काढलंस गो?"

"टॉवेल."

"टॉवेल माझा हाय."

"मग? फोटो काढून झिजला काय?"

म्हातारा व्यापारी फिसकन हसला. पोराचं लक्ष उडालं आणि टॉवेलाखाली काहीतरी गडबड झाली, कारण त्यानं घाईनं हात मागं घेतला.

"बघ, तुझ्यापायी बोट चुकलं माझं. आता बैल महाग पडणार."

"बैल घेताना लक्ष बैलाकडं ठेवावं," हर्षला म्हणाली. "दुसरीकडं ठेवलं की सगळंच महाग पडतं."

तेवढ्यात घोंगड्यांच्या रांगेतून सकुबाईची हाक आली. सकुबाई म्हणजे हर्षलाची आई. तिची हाक माळावरची गुरंसुद्धा ओळखायची.

"हर्षे, आपल्याला बैल नाय घ्यायचा. चल इकडं."

हर्षला वळली. जाता जाता तिनं एकदा मागं बघितलं. टॉवेलच बघितला असेल, असं कोणी म्हणालं तर म्हणू दे बापडं.

ही गोष्ट दोन हजार आठ सालातली. हर्षला राहायला करंजपाड्याला, शहापूरहून किन्हवलीकडं जाणाऱ्या रस्त्यावर. बारावी झाली, टायपिंग झालं आणि ती शहापूरला बारकूशेठच्या दुकानात नोकरीला लागली. दुकानात झेरॉक्स, टायपिंग आणि इंटरनेट असं तिन्ही चाले. कचेरीत कामं घेऊन येणारी माणसं तिच्या टेबलाशी उभी राहून अर्ज सांगत आणि ती टकाटक टाइप करी. तिचा मोबाइल खरं तर भावाचा, अनिलचा. त्यानं नवा घेतला, सिम काढून घेतलं आणि जुना हिच्या हातात दिला. बोलायला निकामी, पण बघायला शाबूत. त्याचा कॅमेरा चालत होता आणि हर्षलाला तेवढं पुरत होतं.

ती फोटो काढायची ते कशाचे? तर कोंबडीचे, विळ्याच्या मुठीवर बसलेल्या चतुराचे, दवानं भिजलेल्या पेंढ्याचे. सकुबाई म्हणायची, "लोक देवाचे, नवरानवरीचे फोटो काढतात. ही कोंबडीचे काढते. कोंबडीला काय पाठवायचाय तो, माहेरी?"

पण त्या कोंबडीचं कौतुक करणारी माणसं होती. इंटरनेटवर मराठी मंडळींची एक जागा होती, तिला सगळे ओसरी म्हणत. तिथला रिवाज साधा. रोजच्या जगण्यातला एक फोटो टाकायचा आणि खाली एखादी ओळ लिहायची. मग बाकीचे येऊन बसत, बोलत, चिडवत, एकमेकांच्या दुखण्याखुपण्याची चौकशी करत. कोणी कोणाला डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. तरी मिरजेच्या नलूआत्यांचा गुडघा दुखतोय हे मस्कतच्या इक्बालभाईंना ठाऊक असायचं, आणि इक्बालभाईंच्या रत्नागिरीच्या घरी यंदा आंबा कसा आहे हे नलूआत्यांना. हर्षला त्या ओसरीवरची सगळ्यांत धाकटी, त्यामुळं लाडकी. कोंबडीच्या फोटोखाली तिनं लिहिलं होतं, 'सूर्य आधी हिला उठवतो, मग आईला. माझी पाळी शेवटी.' त्यावर नलूआत्यांनी लिहिलं, 'पोरी, आईला उठवायला सूर्य लागतो हे मला पटत नाही.' बघा, मिरजेत बसून बाईनं सकुबाईला ओळखलं.

टॉवेलाच्या फोटोखाली तिनं लिहिलं, 'खाली बोटं बोलतायत. वर माणसं गप्प.'

जत्रा होऊन आठवडा झाला असेल. दुकानात एक जण लायसनची झेरॉक्स काढायला आला. हर्षलानं मान वर न करता हात पुढं केला.

"किती कॉप्या?"

"एक पुरे. आणि माझा टॉवेल कुठं छापलास तेवढं सांग."

आता मात्र तिची मान वर झाली. तोच उंच पोरगा. त्याचे डोळे तिच्या मागच्या पडद्यावर खिळले होते आणि पडद्यावर त्याचा निळ्या पट्ट्यांचा टॉवेल होता, खाली लिहिणाऱ्या माणसांची ही गर्दी. तो वाकून वाचायला लागला. नलूआत्यांनी लिहिलं होतं, 'डावीकडचं मनगट सरळ माणसाचं वाटतंय. बैल त्याला महाग पडला असणार.'

"ही बाई कोण?"

"नलूआत्या. मिरजेच्या."

"डोकं हाय तिला." त्यानं ती ओळ परत वाचली. "बैल महागच पडला."

"मी सांगितलं होतं."

"सांगितलंस... पण तवर उशीर झाला होता."

हे बोलताना त्यानं तिच्याकडं असं काही बघितलं, की हर्षलानं लायसनची उलटी बाजूच झेरॉक्स केली. दुसरी काढून दिली तेव्हा नाव वाचलं. वाल्मिक. सरळगावच्या पुढं, फाट्यावर उतरून आत चालत जावं लागतं त्या उमरोळीपाड्याचा. शहापूर ते सरळगाव जीप चालवायचा. जीप भरायला वेळ लागतो आणि जीपचा थांबा दुकानाच्या समोरच. आधी तो जीपमध्येच बसून राहायचा. त्या दिवसापासून दुकानात येऊन बसायला लागला. तासाचे पैसे देऊन बसायचा, त्यामुळं बारकूशेठला तक्रारीला जागा नव्हती.

ओसरीवर त्यानं नाव घेतलं 'सरळगाव जीप'. लिहिणं त्याचं पाटीवर लिहिल्यासारखं. कोणी सूर्यास्त टाकला तर खाली लिही, 'बरा आहे.' कोणी पोळ्यांचा डबा टाकला तर, 'भूक लागली.' पण मंडळींना तो आवडला. इक्बालभाई म्हणाले, 'या जीपमध्ये फालतू सामान नाही.'

मग व्हायचं ते व्हायला लागलं. हर्षलाच्या फोटोत जीप यायला लागली. आधी जीपच्या बॉनेटवर ठेवलेला चहाचा ग्लास, आणि ग्लासामागं एक कोपर. मग जीपचा आरसा, आरशात माहुलीचा डोंगर, आणि कडेला एक कान. मग पळसाचं पडलेलं फूल आणि त्याच्याशेजारी चामडी चप्पल घातलेला पाय. हर्षलाला वाटत होतं आपण चहाचा, डोंगराचा, फुलाचा फोटो काढतोय. ओसरीवरची माणसं मात्र डोळ्यांत तेल घालून बसलेली.

नलूआत्यांनी एक दिवस लिहिलंच. 'हर्षू, आधी तुझ्या फोटोत कोंबडी असायची. आता कान असतो. कान चांगला आहे, माझी हरकत नाही. पण आख्खा माणूस एकदम दाखवणार, का हप्त्यानं?'

हर्षलानं ते वाचलं आणि पडदा बंद केला. पण पलीकडच्या मशीनवर बसलेल्या वाल्मिकनंही ते वाचलं होतं.

"खरंच की," तो म्हणाला. "कान काढतेस, कोपर काढतेस. तोंड का नाय काढत? एवढं वाईट हाय?"

"तोंड बरं हाय."

"मग?"

"तोंडाला डोळे असतात." हर्षला टेबलावरचे कागद उगाच जुळवत म्हणाली. "तू बघायला लागलास की... माझा हात हलतो. फोटो हलतो."

बाहेर सीटा भरल्या होत्या, जीपमधली माणसं हॉर्न वाजवत होती. वाल्मिक उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला.

"मी डोळे मिटून बसलो तर?"

"जीपमध्ये माणसं ताटकळलीत तुझी. जा."

तो गेला, पण असा हसत गेला की बारकूशेठनं विचारलं, "याला काय लॉटरी लागली काय गो?"

एवढं झालं, पण कोणी कोणाला स्पष्ट काही विचारलं नाही. हर्षलाचं म्हणणं, आधी त्यानं विचारावं. वाल्मिक मनात म्हणत होता, शेतात राबाची भाजणी झाली की विचारू, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत विचारू, आज टायर पंक्चर आहे, उद्या विचारू. जीप चालवणारी माणसं रस्त्यावर धीट असतात. रस्ता संपला की त्यांचं सगळं अवघड.

चैत्रात करंजपाड्याला गंगीचं लग्न निघालं. गंगी शेजारच्या घरातली, हर्षलाच्या बरोबरीची. लग्नाची हळद आपल्याकडं जात्यावर दळतात. जातं धुवायचं, त्याला आंब्याचा डहाळा आणि पिवळ्या फडक्यात हळकुंड-सुपारी बांधायची, आणि सवाष्णींनी गाणी म्हणत दळायची. पण करंजपाड्यात आता जाती उरली होती कुठं? पिठाची गिरणी आली तशी बायांनी जाती बाहेर काढली. कोणी तुळशीपुढं पायरी केली, कोणी गुरांच्या दावणीपाशी टाकलं. एकट्या सकुबाईनं आपलं जातं जागचं हलू दिलं नव्हतं. त्यामुळं आळीत कोणाचंही लग्न असो, हळद दळायला सगळ्या सकुबाईच्या दारात. सकुबाई दाराशी बसून एकेकीला ऐकवायची, "तुमच्या पायऱ्यांवर दळा की. माझ्या म्हातारीच्या जात्याला का त्रास?" आणि सगळ्यांच्या आधी गाणं तीच उचलायची.

संध्याकाळचं ऊन निळ्या दारावर तिरपं आलेलं. जात्याभोवती पिवळी धूळ, हिरवा डहाळा, आणि खुंट्याला धरलेले पाच-सहा बांगड्यांचे हात. हर्षलानं फोटो काढला. सकाळी दुकानात येऊन तो ओसरीवर टाकला आणि खाली लिहिलं, 'काल आमच्या दारात जात्याला हळद लागली.' मग बारकूशेठकडून लग्नासाठी दोन दिवस रजा घेऊन ती घरी गेली.

मिरज, पुणे, मस्कत, सगळीकडून एकच बोल आला. काय रंग, काय ऊन, जणू सोनं सांडलंय. त्यांना तो रंग होता. वाल्मिकला तो रंग नव्हता. उमरोळीपाड्याला अजून घरोघरी जातं होतं, आणि ज्या घरच्या जात्याला डहाळा बांधला त्या घरात लग्न, याला दुसरा अर्थ त्याला माहीत नव्हता. निळं दार त्यानं हर्षलाच्या फोटोंत कितीदा पाहिलेलं. आणि त्या घरात लग्नाची मुलगी होती एकच.

तरी त्यानं बारकूशेठला विचारलं, "हर्षला आली नाय?"

बारकूशेठ झेरॉक्सच्या मशीनमध्ये डोकं घालून बसलेला. तिथूनच म्हणाला, "लग्न हाय ना. रजेवर हाय."

वाल्मिक मशीनवर बसला. त्या फोटोखाली त्यानं लिहिलं, 'सुखी रहा.' आणि उठून गेला. कोणाचं लग्न, एवढं विचारायला तोंड उघडायचं होतं. पण ज्याला एवढ्या दिवसांत एक साधा प्रश्न विचारता आला नाही, तो हा काय विचारणार.

हर्षला परत आली. 'सुखी रहा' वाचून तिला वाटलं, याला शेवटी लिहायला सुचलं काहीतरी, जात्याला आशीर्वाद देतोय. मनाशी हसली. मग जीपची वाट बघत बसली. जीप आली, पण स्टिअरिंगवर राघो. राघो म्हणजे वाल्मिकच्याच पाड्यातला, कधी सुट्टी असेल तर जीप चालवणारा. पुढच्या दिवशीही राघोच. असं होत होत आठ-दहा दिवस गेले. हर्षलानं ओसरीवरून वाल्मिकला निरोप लिहिला, 'जीप कुठं?' त्याला उत्तर नाही. पाड्यावर कुठलं इंटरनेट, आणि शहापूरला तो फिरकत नव्हता.

शेवटी तिनं राघोला गाठलं. गाठलं म्हणजे, थांब्याजवळच्या टपरीवर चहाचा ग्लास परत द्यायला गेली आणि तिथंच उभी राहिली.

"काय रे, तुमची मूळची स्वारी कुठं हाय?"

"वाल्मिकदादा? राब भाजतोय घरी. बोलला, आता जीप तूच चालव." राघोनं बिडी विझवली. "त्याची आई टोकावड्याची पोरगी बघून आली. आखाजीला सुपारी फोडणार. तुमाला सांगितलं नाय त्यानं?"

"मला कशाला सांगेल तो?" हर्षला म्हणाली.

ग्लास परत द्यायला गेली होती, तो हातात घेऊनच दुकानात आली.

त्या रात्री आणि पुढच्या दिवशी काय झालं ते सांगण्यासारखं नाही. जेवली नाही एवढंच. रागावली म्हणावं तर कोणावर रागवायचं? त्यानं काही कबूल केलं नव्हतं, हिनं काही मागितलं नव्हतं. एका कानावर हक्क सांगायचा तरी कसा?

दुकानात समोरच्या मशीनपुढचं स्टूल रिकामं होतं. तिनं त्याचा फोटो काढला आणि ओसरीवर टाकला. खाली काही लिहिलं नाही.

दुपारपर्यंत सगळे जमले. नलूआत्या म्हणाल्या, 'हर्षू, तुझ्या फोटोखाली ओळ नाही म्हणजे गोष्ट मोठी आहे. सांग.' हर्षला सांगत नव्हती. ओसरीवरची माणसं तिला सोडत नव्हती. शेवटी तिनं लिहिलं, 'जीप टोकावड्याला वळली. सुपारी आहे.' बस्स. मग इक्बालभाईंचं आलं.

'हर्षला, मी उगाच नाक खुपसतो असं वाटलं तर माफ कर. तुझ्या हळदीच्या फोटोखाली जा आणि त्यानं काय लिहिलंय ते परत वाच. माझ्या बहिणीच्या पाठवणीला आमच्या अब्बांनी तिला हेच दोन शब्द म्हटले होते. कोणी जात्याला असं म्हणतं का गं?'

हर्षला गेली. फोटो बघितला. आपलं निळं दार, आपलं जातं, डहाळा. 'आमच्या दारात' असं आपल्याच हातानं लिहिलेलं. मग उमरोळीपाड्याच्या माणसाच्या नजरेनं बघितलं. आणि तिच्या डोक्यात लख्ख पडलं.

आधी रडू आलं. मग असा संताप आला की बारकूशेठनं खुर्ची मागं सरकवली. "गाढव," ती पडद्याकडं बघून म्हणाली. "एवढं मोठं गाढव, आणि विचारायला तोंड नाय."

नलूआत्यांनी लिहिलं, 'आता फोटो नको टाकू. पाय टाक.'

घरी सकुबाई अंगणात पापड वाळत घालत होती. हर्षला तिच्याशेजारी बसली आणि एकेक पापड पसरत पसरत सगळं सांगून टाकलं. टॉवेल, कान, हळद, टोकावडं. लपवलं काही नाही, कारण सकुबाईपुढं लपवून उपयोग नव्हता. सकुबाई ऐकत होती. पापडावरून हात थांबला नाही.

"म्हंजे माझ्या जात्यानं घोळ केला," ती म्हणाली.

"जात्यानं नाय. मी लिहिलं तसं."

"आणि आता पोरीनं पोराच्या दारात जायचं? आपल्यात असं कोणी करतं?"

"नाय करत."

"लोकं तोंडात शेण घालतील माझ्या."

"घालतील."

सकुबाईनं एक पापड उचलून उन्हाला धरून बघितला, परत ठेवला. "राघोला निरोप दिला तर?"

"आई, त्याला निरोपानं कळायचं असतं तर एवढं झालं असतं?"

"ते पण खरं." ती उठली, घरात गेली आणि मोठी पिशवी घेऊन आली. "पावसाळ्याची सुकी मासळी भरायची हाय. सरळगावच्या बाजारात बोंबील चांगले मिळतात. आळीत कोणी विचारलं, तर बाजाराला चाललीस. आणि ऐक, तिथं जाऊन रडू नको. रडून मागितलेलं जन्मभर ऐकून घ्यावं लागतं."

हर्षला राघोच्याच जीपनं गेली. सरळगावच्या बाजारात आधी बोंबील घेतले, सुकट घेतली, कारण आईनं सांगितलेलं काम आधी. मग दुसऱ्या गाडीनं पुढं जाऊन फाट्यावर उतरली आणि आत चालत निघाली. ऊन चढलेलं. दोन्ही बाजूंना शेतात राब भाजायचं चाललेलं, पालापाचोळा आणि शेण पसरून जाळलेल्या काळ्या वाफ्यांतून धूर वर जात होता. रस्त्यात एका बाईनं विचारलं, "कोणाकडं गो?" हर्षलानं सांगितलं. बाईनं पिशवीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि बोटानं शेत दाखवलं.

वाल्मिक दाताळ्यानं विस्तव सारखा करत होता. उघडा, डोक्याला टॉवेल, तोंड काजळीनं काळं. बांधावर एक बाई पाण्याची कळशी घेऊन बसलेली, ती त्याची आई चांगुणा. हर्षला बांधापाशी जाऊन उभी राहिली. वाल्मिकनं बघितलं. दाताळं हातातच राहिलं.

"तू..." तो म्हणाला. त्याची नजर तिच्या हातांवर गेली, हातांत हिरवा चुडा नव्हता. कपाळावर, गळ्यावर, कुठंच हळदीचा डाग नव्हता. "तू बाहेर कशी? लग्न झालं ना तुझं?"

"कोणी सांगितलं?"

"जात्याला हळद..."

"गंगीची हळद होती ती. शेजारच्या गंगीची." हर्षलाचा आवाज चढत होता, पण आईचं वाक्य आठवून तिनं तो खाली आणला. "आमच्या आळीत जातं एकच राहिलंय. कोणाचं पण लग्न असलं तरी आमच्याच दारात दळतात. उद्या पाटलांच्या म्हशीचं लग्न निघालं तर तिची पण हळद आमच्याच दारात दळतील."

धूर वाल्मिककडं वळला तरी तो बाजूला झाला नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते धुराचंच असेल असं धरून चालू.

"तू विचारलं का नाय?" हर्षला म्हणाली.

"काय विचारू? सुखी रहा म्हटलं मी."

"मी सुखी होते. तू लिहिलंस त्याच्या आदल्या दिवसापर्यंत होते."

चांगुणाबाई इतका वेळ बांधावर बसून ऐकत होती. आता तिनं कळशी खाली ठेवली.

"कोणाची गो तू?"

"करंजपाड्याच्या सकुबाईची. हर्षला."

"बोंबील आणलेस?"

"बाजाराला आले होते."

"असं. बाजाराला येताना लोक एवढ्या आत येत नाहीत." ती वाल्मिककडं वळली. "ही ती? जिच्यापायी पंधरा दिवस तू तोंड पाडून हिंडतोस, जेवताना भात उरवतोस, आणि मी इचारलं तर बोललास टोकावड्याची चालंल, कोणतीही चालंल? कोणतीही चालंल असं बैल घेताना तरी बोललास का कधी?"

"आई..."

"मला आई नको. तिला बोल. एवढ्या उन्हात ती चालत आलीय. का त्याला पण राघोला धाडू?"

वाल्मिकनं दाताळं खाली टाकलं. डोक्याचा टॉवेल काढून तोंड पुसलं, त्यानं काजळी आणखीच पसरली. तो बांधापर्यंत आला. हर्षलापासून हातभर अंतरावर थांबला आणि पहिल्यांदाच, न थांबता, एका दमात बोलला.

"मला तू पायजेस. जत्रेत बोट चुकलं तेव्हापासून पायजेस. रोज जीप भरायच्या आत विचारीन म्हणायचो आणि जीप भरायची. तो फोटो बघितला आणि वाटलं, आता विचारून काय उपयोग, आपण लांबच बरे. मी चुकलो. आता विचारतो. माझ्याशी लगीन करशील?"

हर्षलानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. बोंबलाचा वास सुटलेला, धुराचा वास सुटलेला, तोंडभर काजळी फासलेला हा समोर उभा. असला मुहूर्त कोणी काढला असेल काय? पण हात मात्र हलत नव्हता. तो बघत होता, अगदी सरळ बघत होता, आणि तिचा हात हलत नव्हता.

"करीन," ती म्हणाली. "पण यापुढं काय वाटलं तर आधी तोंडानं विचारायचं."

"विचारीन."

"विचारीलच," चांगुणाबाई म्हणाली. "मी बसलीय ना इथं. टोकावड्याला मीच जाते उद्या. सुपारी फुटली नाय अजून, तोंड दाखवायला जागा हाय. चार शब्द ऐकून घेईन त्यांचे, ऐकायला पायजेतच. मग करंजपाड्याला सकुबाईकडं येईन. तिखट हाय म्हणतात तुझी आई?"

"हाय."

"बरं झालं. मला गुळमुळीत माणसं आवडत नाय." ती उठून उभी राहिली, लुगड्याची माती झटकली. "तुला कसं कळलं गो, याच्या डोक्यात काय शिरलं होतं ते? हा तर घरात पण बोलला नाय."

हर्षलानं सांगितलं. ओसरी म्हणजे काय, तिथं कोण कोण बसतं, नलूआत्या कशा, इक्बालभाईंनी काय लिहिलं. चांगुणाबाईला इंटरनेट कळलं नाही आणि तिनं कळून घ्यायची घाईही केली नाही. तिनं तिला हवं तेवढंच उचललं.

"मिरजेची बाई, मस्कतचा माणूस. तू यांना कधी बघितलंस?"

"नाय."

"त्यांनी तुला?"

"माझ्या कोंबडीला बघितलंय. आणि याच्या कानाला."

चांगुणाबाईनं मुलाच्या कानाकडं नीट बघितलं, त्यात काय एवढं आहे ते तिला दिसलं नसावं. "आणि एवढ्यासाठी ती माणसं तिथं बसून तुझी काळजी करतात?"

"आता पण बसली असतील. मी परत जाऊन काय सांगते त्याची वाट बघत."

"मग सांग त्यांना." ती घराकडं चालायला लागली. चार पावलांवर थांबून तिनं अंगणाकडं नजर टाकली, या कडेपासून त्या कडेपर्यंत, डोळ्यांनीच माप घेत. "वाल्मिक, मांडव यंदा गोठ्यापर्यंत न्यावा लागंल. मस्कतचा माणूस एवढ्या लांबनं येणार, त्याला काय उन्हात जेवायला बसवायचा?"